ताईच्या स्पेनफेरीची रंगीत तालीम

आरो,
संत पेद्रोच्या जत्रेनंतरचा सोमवार

प्रिय लेओकादियाताईस,

धाकट्या मेल्चोरकडून दोन्ही गालांवर एकेक मुका, आणि तू थोरली म्हणून कपाळावर आणखी एक. गुडघा कसा आहे? तिकडे अर्जेंटिनात, रोसारिओत आता कडाक्याची थंडी असणार आणि तू त्या गुडघ्याला लोकरीचं फडकं गुंडाळून बसली असणार. इथे आम्ही पावासारखे भाजून निघतोय. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्यांनी उन्हाळा आणि हिवाळा असा वाटून घ्यावा हे मला कधीच पटलेलं नाही, पण तू बोटीवर चढलीस तेव्हा माझं मत कोणी विचारलं नव्हतं. (मी त्या वेळी बंदरावर केळं खात उभा होतो असं तू सगळ्यांना सांगतेस. ते केळं नव्हतं, संत्रं होतं. आणि मी भोकाड पसरलं होतं म्हणून ते कोणीतरी माझ्या तोंडात कोंबलं होतं.)

आमचं सगळं ठीक. कासिल्दाला डॉक्टरांनी रक्तदाब सांगितलाय, पण त्याचा त्रास तिच्यापेक्षा मलाच जास्त होतो. पिंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी घरातली प्रत्येक लाकडी वस्तू ठोकून बघतो, आणि कासिल्दा म्हणते की एक दिवस ती मला ठोकून बघणार आहे. संत पेद्रोच्या सकाळी नेहमीसारखं सगळं गाव टेकडीवर जाऊन एकमेकांच्या अंगावर वाइन ओतून आलं. माझा सदरा अजून जांभळा आहे आणि कान हलवला की आत काहीतरी डुचमळतं. फाकुन्दोही आला होता. हो, आपला फाकुन्दो, आपलं शेंडेफळ. खुर्चीवरून पडू नकोस, सगळं सांगतो. आता मुद्द्यावरच येतो. (कासिल्दा म्हणते, तुम्ही मुद्द्यावर यायला निघालात की मुद्दा कंटाळून उठून जातो. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

तुझं पत्र ईस्टरच्या सुमारास आलं. पहिल्यांदा वाचून मी हसलो, दुसऱ्यांदा वाचून हसलो, आणि तिसऱ्यांदा कासिल्दाला मोठ्यानं वाचून दाखवताना मध्येच घसा बसला. तू लिहिलं होतंस की रोसारिओत सगळी गल्ली तुला ‘गायेगा’, म्हणजे स्पेनवाली, म्हणते, जन्मभर लोक तुला स्पेनबद्दल विचारत आले, आणि तू स्पेन पाहिला तो फक्त आरो ते बिल्बाओच्या धक्क्यापर्यंत, तोही रडत, म्हणजे नीट दिसलाच नाही. तरी लोकांचा हिरमोड नको म्हणून तू सेवियाच्या बागा सांगितल्यास, माद्रिदचे रस्ते सांगितलेस, आणि ग्रानादाच्या अलहाम्ब्रा राजवाड्याचं वर्णन तर आपल्या चौकातल्या कारंज्याला आठानं गुणून केलंस. आता ओस्वाल्दो दाजी गेले, पोरं आपापल्या घरी सुखात आहेत, आणि तुला मरण्याआधी तुझं खोटं खरं करून घ्यायचंय. हे वाक्य मी फडताळाच्या दारावर चिकटवणार होतो, पण कासिल्दा म्हणाली, पाहुणे वाचतील.

पण ताई, तू मूळची आरोचीच. लबाडी तुझ्या रक्तात आहे, समुद्र ओलांडला म्हणून ती काय पातळ होणार? प्रवासाची आखणी भावांनी करायची म्हणालीस, आणि बघायच्या शहरांची नावं धाडलीस मला, आणि जिथली वाइन चाखायचीय त्या प्रांतांची नावं धाडलीस फाकुन्दोला. म्हणजे माझ्याकडे बार्सेलोना, पण तिच्या उशाशी असलेलं पेनेदेस त्याच्याकडे. माझ्याकडे सेविया, आणि हेरेस त्याच्याकडे. एकट्यानं आखणी करायची तर एकाची गाडी जेवायला थांबणार नाही आणि दुसऱ्याची झोपायला. तू हे मुद्दाम केलंस. आम्ही दोघंही मूर्ख असलो तरी इतके नाही.

तुला ठाऊकच आहे की माझ्या एर्मिनियाच्या लग्नापासून आमचं बोलणं बंद होतं. ती जन्मली त्या वर्षी मी माझ्या हातच्या पिंपातली वाइन बाटल्यांत भरून ठेवली होती, पोरगी नवरी होईल तेव्हा उघडायला. लग्नात ती उघडली. सगळ्यांनी डोळे मिटून घोट घेतला. आणि फाकुन्दोनं काय केलं? सगळ्यांसमोर, पाद्रीबाबा शेजारी बसलेले असताना, त्या वाइनमध्ये गॅसोसा ओतली. गोड, फसफसणारी, शेतावरचे मजूर आंबलेल्या वाइनमध्ये घालतात ती गॅसोसा! मी त्याच्या हातातून बाटली घेतली आणि उरलेली गॅसोसा त्याच्या नव्या बुटांत ओतली. तो उठला आणि चुबूक चुबूक आवाज करत निघून गेला. तेव्हापासून तो तिकडे दुएरोकाठी रोआला आणि मी इकडे आरोला. त्यातून त्यांच्या त्या वाइनला अलीकडे मोठं नाव आलंय. पूर्वी त्यांची द्राक्षं चिमण्यासुद्धा मागे ठेवून जायच्या. आता म्हणे माद्रिदचे लोक गाड्या भरभरून नेतात. त्यामुळे तो बोलत नव्हता तरी त्याचं न बोलणंही मला चढेल वाटायचं.

तर भेटायचं ठरलं बुर्गोसला, कारण ते दोघांच्याही मध्ये आहे आणि तिथली वाइन दोघांचीही नाही. मी चौकातल्या कॅफेत वेळेवर पोचलो. तो आधीच बसला होता. (जाड झालाय. केस मात्र माझ्यापेक्षा जास्त आहेत, त्याला मी काय करू?) मी शेजारच्या टेबलाशी बसलो, मधली खुर्ची रिकामी ठेवून. बराच वेळ आम्ही दोघांनी कॅथेड्रलचे कळस मोजल्यासारखं केलं. मग त्यानं वेटरला हाक मारली.

“त्या गृहस्थांना विचारा, बार्सेलोना त्यांच्याकडे आहे ना?”

वेटर माझ्याकडे वळला. “साहेब, बार्सेलोना तुमच्याकडे आहे का?”

“आहे म्हणावं. आणि त्यांना सांगा, पेनेदेस तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा ते मुकाट्यानं तिच्या मागोमाग जोडा.”

“मला भूगोल शिकवू नका म्हणावं. चौथीत नापास कोण झालं होतं ते विचारा त्यांना.”

“तोंडी परीक्षेला गोवर आला होता म्हणावं!”

वेटरनं हातातला ट्रे टेबलावर आपटला. “अहो आजोबा, मी इथे कॉफी देतो, स्पेनची वाटणी नाही करत. तुमच्या मध्ये एकच खुर्ची आहे. तुमच्यापैकी कोणीतरी तिच्यावर बसा, नाहीतर मी बसतो. सकाळपासून पाय दुखताहेत माझे.”

आम्ही दोघं एकदमच उठलो आणि एकदमच त्या खुर्चीवर बसायला गेलो. मग दोघंही पुन्हा आपापल्या जागी बसलो, आणि वेटर खरंच त्या खुर्चीवर बसला. त्या बिचाऱ्याला मध्ये ठेवूनच आम्हाला एक गोष्ट कळून चुकली, की आखणी करायला निघालेल्या या दोन शहाण्यांनी स्वतः काहीच पाहिलेलं नाही. मी सारागोसाच्या पुढे गेलेलो नाही. फाकुन्दो एकदा माद्रिदला गेला होता, पण दात काढायला. त्याला छत तेवढं आठवतं. ताईला न पाहिलेल्या ठिकाणी कसं पाठवायचं? रंगीत तालीम करायला हवी. हे वेटरही म्हणाला. मला वाटतं, त्याला आम्ही बुर्गोसमधून जायला हवे होतो.

निघालो ते फाकुन्दोच्या व्हॅनमधून. या व्हॅनमधून तो रोआच्या भट्ट्यांना भाजायची कोकरं पोचवतो. पुढे दोन माणसं बसतात आणि मागे कोकरांचा वास बसतो. कासिल्दानं चाकाएवढं बटाट्याचं ऑम्लेट, चोरिसो सॉसेज आणि पाव बांधून दिले, मी माझ्या, म्हणजे आपल्या रिओखा प्रांताच्या वाइनच्या बाटल्या घेतल्या, त्यानं त्याच्या घेतल्या, आणि मध्ये सीमारेषा म्हणून ऑम्लेट ठेवलं. सारागोसापर्यंत आम्ही ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ आणि ‘ट्रक!’ एवढंच बोललो.

बार्सेलोना चांगली आहे, पण तिथले सगळे रस्ते एकसारखे सरळ आणि सगळे कोपरे एकसारखे कापलेले. आम्ही एका कोपऱ्यावर व्हॅन लावली, ते अर्धवट बांधलेलं प्रचंड चर्च बघायला गेलो (फाकुन्दो म्हणाला, “ताईला पूर्ण झाल्यावर बोलवू.” मी म्हटलं, “मग तुझ्या नातवंडांना सांगून ठेव, तिला न्यायला जा म्हणून.” बुर्गोसनंतरचं हे आमचं पहिलं संभाषण), आणि परत आलो तर सगळ्याच कोपऱ्यांवर व्हॅन नव्हती. आम्ही तासन् तास चाललो. प्रत्येक कोपऱ्यावर तीच फार्मसी, तीच बेकरी, तोच कुत्रा. शेवटी फाकुन्दो एका जागी थांबला, नाक वर केलं आणि म्हणाला, “कोकरू.” त्या वासाच्या मागे आम्ही दोन गल्ल्या ओलांडल्या आणि व्हॅन सापडली. शेजारच्या घरातल्या बाईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. तू आलीस की रेल्वेनं जा.

पेनेदेसला बुडबुड्यांची वाइन करतात, ती मला आवडली, पण फाकुन्दोचं म्हणणं असं की ज्या वाइनमध्ये बुडबुडे आहेत तिच्या मनात काहीतरी पाप आहे. (गॅसोसा ओतणारा माणूस हे म्हणतो!) तिथल्या तळघरात युलालिया नावाच्या बाई आम्हाला सगळं दाखवत होत्या, मोठ्या अदबीच्या, पांढरा स्वच्छ पोशाख. त्यांनी बुचावरची तार सोडवून एक बाटली ठेवली आणि पेले आणायला वळल्या. फाकुन्दोनं, मदत करावी म्हणून, खिशातला बूच उपसायचा स्क्रू काढून त्या बुचात घातला. युलालियाबाई “नको!” म्हणेपर्यंत बूच, स्क्रू आणि फाकुन्दोची टोपी वर छताला जाऊन आले, आणि बाटलीतलं सगळं बाईंच्या अंगावर गेलं. मला वाटलं, आता पोलीस. बाईंनी चेहरा पुसला, ओठ चाटले आणि म्हणाल्या, “अजून एक वर्ष ठेवायला हवी होती.” अशी माणसं आहेत तिथे. त्यांनी फाकुन्दोची टोपी वाळत घातली आणि आम्हाला पोटभर जेवू घातलं.

मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला. ग्रानादाला पोचलो, टेकडी चढलो, अलहाम्ब्राच्या दाराशी गेलो. मी आत जाणार तेवढ्यात फाकुन्दोनं माझी बाही धरली.

“आत नको जाऊया,” तो म्हणाला.

“का? एवढं चढून आलोय!”

“आधी तिनं बघावं. आपण बघून आलो तर सांगितल्याशिवाय राहवणार नाही. निदान तू तरी नाही राहणार.”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आम्ही बाहेरच्या भिंतीच्या सावलीत बसलो, आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि ऑम्लेटचा शेवटचा तुकडा खाल्ला. आत काय आहे हे मी तुला सांगू शकत नाही. भिंत चांगली आहे.

आता हेरेस. ताई, इथे जरा चष्मा पुसून घे.

हेरेसला पोचलो तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर स्वतःची सावलीही बाहेर पडायला तयार नव्हती. वाइनची कोठारं बंद, दुकानं बंद, कुत्री बंद. एका चर्चचं दार तेवढं उघडं दिसलं. आत गार अंधार. आम्ही एका बाकावर बसलो, फाकुन्दोनं बूट काढले, आणि देवाची शपथ, मला पाचच मिनिटं डोळा लागला असेल. जागा झालो तर चर्च भरलं होतं, सगळे काळ्या कपड्यांत, आणि समोर शवपेटी. आमच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. उठून जावं तर अपमान, बसून राहावं तर फाकुन्दोचे बूट कोणाच्या तरी पायाखाली. प्रार्थना संपल्यावर सगळे सांत्वनाला रांगेत उभे राहिले आणि त्या रांगेनं आम्हाला पुरात लाकडं वाहत जावीत तसं पुढे नेलं. (फाकुन्दो मोज्यांवरच.) समोर विधवा बाई, आंगुस्तियास त्यांचं नाव, चिमणीएवढ्या, हातात काळा पंखा.

“कुठून आलात?” त्यांनी विचारलं.

“मी आरोहून,” मी म्हटलं, “आणि हा रोआहून. पण बाई, आम्ही खरं म्हणजे—”

“उत्तरेहून!” त्यांनी आम्हा दोघांचे हात घट्ट धरले आणि मागे वळून मोठ्यानं म्हणाल्या, “बघा, बघा! माझ्या इलारियोचे पलटणीतले मित्र! एवढ्या लांबून आले!”

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण फाकुन्दो म्हणाला, “वहिनी, न येऊन कसं चालेल?” झालं. मग आम्हाला पेटीमागे पहिल्या ओळीत चालवलं, मग घरी नेलं, अंगणात मांडवाखाली बसवलं, तळलेले मासे आले, ऑलिव्ह आले, आणि ती तिथली फिकट सोनेरी वाइन आली. (ताई, आपल्या वाइनशी बेइमानी करायची नाही, पण त्या उन्हात तो पहिला गार घोट म्हणजे कोणीतरी कपाळावर हात ठेवावा तसा होता.) सगळे म्हणाले, तरुणपणचा इलारियो कसा होता ते सांगा. मी फाकुन्दोकडे बघितलं. फाकुन्दोनं पेल्यात बघितलं, उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, “इलारियो फार कमी बोलायचा.”

मग आंगुस्तियासबाईंच्या पंख्यामागून आवाज आला, “कोण? इलारियो? अहो, हा माणूस झोपेतसुद्धा न्हाव्याशी गप्पा मारायचा!”

“तेव्हाचं सांगतोय, वहिनी,” फाकुन्दो म्हणाला. “तुम्ही भेटायच्या आधी बोलण्यासारखं काय होतं त्याच्याकडे?”

अंगण इतकं हसलं की मांडवावरची चिमणी उडाली. आंगुस्तियासबाई हसता हसता रडल्या आणि रडता रडता त्यांनी फाकुन्दोच्या ताटात आणखी मासे वाढले. तेवढ्यात माझं लक्ष फाटकाबाहेर गेलं. रस्त्यापलीकडे एका संत्र्याच्या झाडाखाली, जिथे सावली म्हणून काही नव्हतीच, एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. भिंतीवरच्या फोटोत इलारियोचं जे नाक होतं तेच नाक त्याला होतं.

“तो बाल्दोमेरो,” बाई हळूच म्हणाल्या. “धाकटा दीर. मधल्या भिंतीवरून भांडले दोघं. आत येणार नाही. आणि घरीही जाणार नाही. सकाळपासून तिथेच आहे.”

फाकुन्दोनं पेला खाली ठेवला आणि तसाच मोज्यांवर त्या तापलेल्या रस्त्यावरून उड्या मारत पलीकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. हात हलताना दिसले. एकदा त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग दोघं आत आले. आंगुस्तियासबाईंनी एक खुर्ची पुढे सरकवली आणि पेला भरला. बाल्दोमेरो बसला.

“भिंत माझ्या हद्दीत होती,” तो म्हणाला.

“हो. होती,” बाई म्हणाल्या.

आणि तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. अंगणातल्या कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांना एकदम मासे खायची घाई झाली.

निघताना मात्र मला राहवेना. दाराशी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, “वहिनी, माफ करा. आम्ही पलटणीतले नाही. आम्ही उन्हातून आत आलो होतो, इतकंच.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “त्याची सगळी नोकरी इथल्याच घोड्यांच्या तबेल्यात झाली, तिसऱ्या गल्लीत. कुठली पलटण आणि कुठली उत्तर! पण लांबून कोणी आलं म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत वाढते हो. गावाला दिसायला हवं. तुम्ही फार छान बोललात.” आणि त्यांनी फाकुन्दोला इलारियोचे बूट दिले, कारण त्याचे चर्चमधून कोणीतरी नेले होते. इलारियोचे त्याला घट्ट होतात, तरी घालतो.

हेरेस सोडल्यावर दोन्ही बाजूंना सूर्यफुलं. फाकुन्दो गाडी चालवत होता. मग समोर बघतच म्हणाला, “दादा.”

ताई, त्या लग्नापासून मला कोणी दादा म्हटलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

“दादा, एर्मिनियाच्या लग्नाच्या आधी महिनाभर मी दवाखान्यात होतो. यकृत. डॉक्टरनं वाइन बंद केली होती. एक थेंब नाही म्हणाला. पण पोरीच्या लग्नात पाण्याचा पेला उचलायचा का मी? तू केलेली ती वाइन, आणि मी पाणी? म्हणून तळाला एक घोट तुझी घेतली आणि वर गॅसोसा भरली. निदान रंग तरी दिसावा म्हणून.”

“मग सांगायचं नाही का, गाढवा!”

“सांगणार होतो. तोवर तू बूट भरलेस.”

मी म्हटलं, “समोर बघ, ट्रक आहे.” ट्रक नव्हता. त्यालाही दिसत होतं की नाही. पुढच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली, मी माझी एक बाटली उघडली, त्यानं त्याची एक उघडली, आणि आम्ही एकमेकांची प्यायलो. (यकृत आता ठणठणीत आहे, मी विचारून घेतलं.) त्याची वाइन वाईट नाही. हे वाक्य तू त्याला कधीही सांगणार नाहीस असं वचन दे.

माद्रिदचं थोडक्यात सांगतो. मधल्या मोठ्या चौकात सिंहांच्या रथात बसलेली देवी आहे. फाकुन्दो त्या चौकात शिरला खरा, पण बाहेर पडायचा रस्ता काही त्याला मिळेना. आम्ही त्या देवीला इतक्या प्रदक्षिणा घातल्या की चौकातला पोलीस आमच्याकडे बघून हात हलवायला लागला, आणि नंतर नंतर तर नुसता छातीवर क्रॉस करायचा. शेवटी एका बँडच्या बसमागोमाग बाहेर पडलो ते थेट रोआलाच निघालो. तिथे त्याच्या बायकोनं भट्टीतलं कोकरू खाऊ घातलं, ते सुरीनं नव्हे, ताटलीच्या कडेनं कापलं जात होतं. एकदाचं दुएरोत घोडं न्हालं. नंतर फाकुन्दो आखणी नीट लिहून काढायला म्हणून आरोला आला, जत्रेत वाइननं न्हाला, आणि अजून इथेच आहे.

तर आखणी अशी. बार्सेलोनाला माणूस हरवतो, तेव्हा ती नको. पेनेदेसला कपडे खराब होतात. सेवियाला उन्हाळ्यात जाण्यात अर्थ नाही (म्हणून आम्हीही थांबलो नाही), आणि हिवाळ्यात जायचं तर मग सेवियाच कशाला? ग्रानादाला चढ फार, तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही. हेरेसला जेवण जड. माद्रिदमधून बाहेर पडता येत नाही. सगळ्या बाजूंनी विचार करता असं ठरलंय की तू विमानानं ये, आम्ही दोघं न्यायला येतो, आणि मग तू काही दिवस आरोला राहा आणि काही दिवस रोआला. दोन्हीकडे उत्तम वाइन आहे आणि चौकात कारंजं आहे.

तुझ्या गुडघ्याला, आणि बाकीच्या तुलाही, भरभरून प्रेम.

तुझा धाकटा भाऊ,
मेल्चोर

ता. क. — ताई, खरं सांगू? शहरं सगळी सुंदर आहेत. पण तू येणार तीनच आठवड्यांसाठी. ते तीन आठवडे स्पेननं घेतले तर आम्हाला काय उरलं? स्पेन पुढेही राहील, आम्ही दोघं किती राहू कोणास ठाऊक. तुझ्या खोलीला मी नवा रंग दिलाय. खिडकीतून डोंगर दिसतो, तोच. नुसती येऊन बस ना.

आणखी ता. क. — ताई, मी फाकुन्दो. दादानं वर ‘काही दिवस’ असं मोघम लिहिलंय, तेव्हा मी स्पष्ट करतो: जास्त दिवस रोआला. इथे तुझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोंबड्या आहेत आणि पहाटे दादा लाकूड ठोकत बसतो. आमच्याकडे शांतता आहे. शिवाय आमची वाइन त्याला आवडली. त्यानं तुला सांगितलंच असेल.

शेवटचा ता. क. — प्रिय वन्सं, मी कासिल्दा. या घरात पाकिटाला डिंक मी लावते, त्यामुळे शेवटचा शब्दही माझाच. या दोघांनी लिहिलेली आखणी वाचून सोडून द्या. तुमचं पत्र हे मोठ्यानं वाचत होते तेव्हा घसा यांचा बसला, पण झोप माझी गेली. तुम्ही निदान बोटीत तरी बसलात. मी लग्न होऊन आले ती समोरच्या गल्लीतून या गल्लीत. या वयात मला कोणी विचारलं, कासिल्दा, स्पेन कसा आहे, तर मला खोटंसुद्धा सांगता येणार नाही.

म्हणून आज सकाळीच मी लोग्रोन्योला जाऊन आले. सप्टेंबरात, ऊन उतरल्यावर, एक बस निघते, सगळ्या शहरांतून आणि वाइनच्या सगळ्या गावांतून. खिडकीशेजारच्या दोन जागा आपल्या दोघींच्या नावानं घेतल्यात. ग्रानादाला चढावर हळूहळू जाऊ, कोणी मागे लागलेलं नाही. फिरून आल्यावर एक आठवडा भावांना द्या, तेवढा पुरे त्यांना. तोवर दोघं मिळून घर सांभाळतील. त्यांना अजून हे ठाऊक नाही, तेव्हा उत्तर माझ्या नावानं पाठवा.

आणि सपाट टाचेचे बूट आणा. माझे मी घेतलेत, लाल आहेत.